पाच वर्षांचे कुंपण

'पॅरिश' ह्या इंग्रजी शब्दाला आपण धर्मग्राम म्हणतो. चर्च, धर्मगुरू, शाळा आणि दफनभूमी एवढे सारे आपल्यापुरते त्या शब्दात सामावलेले असते. जुन्या इंग्लंडात त्या शब्दाला आणखी एक अर्थ होता. इ. स. १६०१ च्या गरिबांविषयीच्या कायद्याने प्रत्येक धर्मग्रामावर आपल्या हद्दीतील निराधारांना पोसण्याची जबाबदारी टाकली आणि त्यासाठी तेथल्या घरधन्यांकडून कर घेण्याचा अधिकार दिला. जबाबदारी आली तसा 'आपला गरीब कोण आणि परका कोण' हा प्रश्नही आला. १६६२ साली त्याचे उत्तर कायद्यानेच दिले. नव्याने राहावयास आलेला माणूस वर्षाला दहा पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या घरात उतरला असेल, तर तो पुढेमागे गावावर बोजा होईल एवढ्या संशयावरून, चाळीस दिवसांच्या आत त्याला मूळ धर्मग्रामी परत धाडता येऊ लागले. त्याने कोणाकडे काही मागितलेले असण्याची गरज नव्हती.

हा संशय इंग्रज वसाहतवाल्यांनी बोटीतून अमेरिकेत नेला. स्थलांतर करून तिकडे गेलेल्या कुटुंबाला सरकारी खर्चाने औषधोपचार मिळावेत की नाही, त्यांच्या वृद्धांना व अपंगांना रोख मदत मिळावी की नाही, ह्या आजच्या वादाचे मूळ आम्हांला त्या चाळीस दिवसांत दिसते. ज्या घरांतील मुले तिकडे स्थायिक झाली आणि ज्यांनी आईवडिलांना मागून बोलावून घेतले, त्या घरांना हा विषय परका नाही. मात्र तो बहुधा अर्जांच्या आणि वकिलांच्या भाषेत त्यांच्यापुढे येतो. आम्ही तो इतिहासाच्या अंगाने पाहणार आहोत.

१८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले आणि भुकेलेली कॅथलिक कुटुंबे बॉस्टन व न्यूयॉर्कच्या धक्क्यांवर उतरू लागली. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५४ मध्ये ट्यूक्सबरी, ब्रिजवॉटर आणि मॉन्सन ह्या तीन ठिकाणी सरकारी अनाथालये, खरे तर दरिद्रीगृहे, उघडली. त्यांत जागा होती, आणि तेथून माघारी पाठवण्याची तरतूदही होती. १८५५ साली परकीयद्वेष्ट्या 'नो-नथिंग' पक्षाच्या हाती त्या राज्याची सत्ता असताना दरिद्रीगृहांतील आयरिश माणसे बोटीत बसवून लिव्हरपूलला परत धाडण्यात आली. त्यांत अमेरिकेतच जन्मलेल्या तान्ह्या मुलीसह एक आईही होती. बाळ अमेरिकेचे आणि आई परकी, ही गाठ तेव्हाच पडली होती. पुढे ती कधी सुटली नाही.

ट्यूक्सबरीचे नाव आपल्या वाचकांनी वेगळ्या संदर्भात ऐकले असेल. हेलन केलरच्या शिक्षिका अ‍ॅन सुलिव्हन ह्या गरीब आयरिश स्थलांतरितांच्या कन्या. आई वारली, वडिलांनी जबाबदारी टाकली, तेव्हा १८७६ च्या आरंभी अर्धवट दृष्टी गेलेली ही मुलगी आणि तिचा पांगळा धाकटा भाऊ जिमी ह्यांना ट्यूक्सबरीला पोचवण्यात आले. काही महिन्यांतच जिमी तेथे मरण पावला. अ‍ॅन चार वर्षे राहिली आणि १८८० साली अंधांच्या पर्किन्स शाळेत गेली. सरकारी मदतीच्या इतिहासात ट्यूक्सबरीची नोंद काळ्या शाईने करतात, ते योग्यच आहे. पण त्या छपराखेरीज त्या दोन मुलांना दुसरे छप्पर नव्हते, हेही लिहून ठेवले पाहिजे.

न्यूयॉर्कने त्याच सुमारास निराळी वाट धरली. ती आज फारशी कोणाला आठवत नाही, म्हणून आम्ही येथे जरा थांबतो. १८४७ साली त्या राज्याने स्थलांतर-आयुक्तांचे एक मंडळ नेमले. येणाऱ्या प्रत्येक उतारूमागे जहाजमालकाकडून थोडी रक्कम घ्यावयाची आणि त्या निधीतून आजारी व निराधार नवागतांची व्यवस्था पाहावयाची, अशी योजना होती. जहाजमालक ती रक्कम अर्थातच तिकिटात मिळवून घेत. म्हणजे पैसा स्थलांतरितांचाच. ह्या पैशातून वॉर्ड्स बेटावर मोठे रुग्णालय आणि आश्रयस्थान उभे राहिले; १८५५ पासून कॅसल गार्डन येथे उतरण्याची एकच सुरक्षित जागा झाली, त्यामुळे धक्क्यावरचे ठग आणि खाणावळवाले ह्यांच्या तावडीतून पुष्कळ जण वाचले. ह्या मंडळाची जबाबदारी किती काळ? नवागत उतरल्यापासून पाच वर्षे. तेवढ्या काळात तो आजारी पडला वा उघड्यावर आला तर मंडळाने त्याचे पाहावे, आणि एखाद्या जिल्ह्याने त्याच्यावर खर्च केला असेल तर तो भरून द्यावा.

ह्यामागची समजूत साधी होती. परक्या देशात पहिली पाच वर्षे माणसाला सर्वांत कठीण जातात. भाषा नाही, ओळखपाळख नाही, कामाची शाश्वती नाही, हवा मानवत नाही. मदत द्यावयाची तर ती तेव्हा. वाचकांनी ही पाच वर्षे लक्षात ठेवावीत. दीडशे वर्षांनी हाच आकडा पुन्हा कायद्यात येणार आहे, पण उलटा होऊन.

१८७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, उतारूंवर अशी आकारणी करणे राज्यांच्या अधिकारात बसत नाही. ते काम संघराज्याचे. न्यूयॉर्कचा निधी आटला. संघराज्याने १८८२ साली पहिला सर्वसाधारण स्थलांतर-कायदा केला. त्याने उतारूमागे पन्नास सेंटचा कर ठेवला आणि त्याबरोबरच, जो स्वतःचा भार स्वतः पेलू न शकल्याने सार्वजनिक बोजा होईल अशास उतरू देऊ नये, असे कलम घातले. 'पब्लिक चार्ज' ह्या दोन शब्दांचा हा संघराज्याच्या कायद्यातील प्रवेश. १८९१ मध्ये 'बोजा होण्याचा संभव असलेला' अशी भाषा आली, आणि आल्यावर वर्षभरात जो बोजा होईल त्याला परत पाठवण्याची मुभाही. ही एक वर्षाची मुदत १९०३ साली दोन, १९०७ साली तीन आणि १९१७ साली पाच वर्षे झाली. एमा लॅझरस ह्यांची, थकल्याभागल्यांना आणि दरिद्र्यांना हाक घालणारी सुप्रसिद्ध कविता स्वातंत्र्यदेवतेच्या चबुतऱ्यात ब्राँझच्या पाटीवर बसवली गेली तेही १९०३ सालीच. कवितेची पाटी आणि कायद्याची मुदत ह्यांची तारीख अशी एका वर्षात पडावी, ह्यावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही.

ह्या संशयाचा चटका हिंदुस्थानी माणसालाही बसला. १९०७ नंतर पॅसिफिक किनाऱ्यावर पंजाबकडील मजूर उतरू लागले. त्यांना नाकारण्यासाठी स्वतंत्र कायदा तेव्हा नव्हता. मग सान फ्रान्सिस्कोच्या अधिकाऱ्यांनी युक्ती काढली: येथल्या लोकांचा ह्यांच्यावर राग आहे, म्हणून ह्यांना काम मिळणार नाही, म्हणून हे सार्वजनिक बोजा होणार. धडधाकट माणसाला दुसऱ्याच्या द्वेषापायी दरिद्री ठरवण्याचा हा तर्क! १९१५ साली काही रशियन मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती होम्स ह्यांनी लिहिलेल्या निकालाने त्याला लगाम बसला. एखाद्या शहरात काम कमी आहे एवढ्यावरून माणसाला बोजा ठरवता येणार नाही, त्याच्या स्वतःच्या ठायी काही उणीव दिसली पाहिजे, असे न्यायालय म्हणाले. काँग्रेसने दोन वर्षांत आशियाच्या मोठ्या भागालाच दार बंद केले, त्यामुळे हिंदुस्थानी मजुराला त्या निकालाचा लाभ फार दिवस मिळाला नाही.

सरकारी मदतीचा असा धाक असताना आजारी माणसे जात कोठे? बहुधा आपल्याच माणसांकडे. फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी ही इटालियन धर्मभगिनी १८८९ साली न्यूयॉर्कला आली. इटालियन मजुरांना इस्पितळात भाषा समजत नाही आणि त्यांचे ऐकून घेणारेही कोणी नाही, हे पाहून तिने व तिच्या भगिनींनी १८९२ मध्ये तेथे कोलंबस रुग्णालय चालवावयास घेतले. १९०५ मध्ये शिकागोला दुसरे उघडले. १९०९ साली ती स्वतः अमेरिकेची नागरिक झाली आणि १९४६ साली संतपदाला चढवली गेलेली पहिली अमेरिकन नागरिक ठरली. तिचे कार्य थोरच. तथापि जेथे शासनाने पाठ फिरवली तेथे धर्मभगिनींनी उभे राहावे, ही व्यवस्था शासनाला फार सोयीची असते, हेही नमूद करणे आम्हांला भाग आहे.

१९३० च्या मंदीत तीच दोन शब्दांची कळ पुन्हा फिरवण्यात आली. राष्ट्राध्यक्ष हूव्हर ह्यांच्या शासनाने सप्टेंबर १९३० मध्ये परदेशांतील वकिलातींना 'बोजा' ह्या कलमाचा कडक अर्थ लावण्यास सांगितले आणि प्रवेशपत्रे एकदम रोडावली. पुढे नाझी जर्मनीतून सुटू पाहणाऱ्या कितीतरी ज्यू कुटुंबांच्या वाटेत हेच कलम आडवे आले. देशाच्या आत लॉस एंजेलिसच्या जिल्हा-अधिकाऱ्यांनी हिशेब मांडला की, मेक्सिकन कुटुंबांना मदत देत राहण्यापेक्षा त्यांना आगगाडीचे तिकीट काढून देणे स्वस्त पडते. १९३१ पासून अशा गाड्या सुटू लागल्या. त्यांत बसलेली पुष्कळ मुले जन्माने अमेरिकन नागरिक होती.

ह्यानंतरचा काळ मात्र सौम्य आहे. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने मदतीसाठी नागरिकत्वाची अट घातली नाही, पण राज्यांना ती घालण्यापासून रोखलेही नाही. १९६५ च्या ३० जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांनी वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड ह्या दोन आरोग्ययोजनांवर सही केली, आणि ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पायाशी बसून नव्या स्थलांतर-कायद्यावर. पहिल्या सहीने सरकारी दवाखान्याचे दार उघडले. दुसरीने आशियाई कुटुंबांना देशाचे. आपल्याकडचे डॉक्टर, परिचारिका, अभियंते तिकडे गेले ते ह्या दुसऱ्या सहीमुळे, आणि मागून त्यांचे आईवडील गेले तेही कुटुंबे एकत्र आणण्याच्या त्याच कायद्याने.

अ‍ॅरिझोना राज्यात परदेशी नागरिकाला अपंगत्वाची मदत हवी असेल तर पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट होती. कार्मेन रिचर्डसन ही मेक्सिकोहून कायदेशीर मार्गाने आलेली स्त्री १९५६ पासून तेथे राहत होती. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ती काम करण्यास असमर्थ झाली आणि पंधरा वर्षे भरली नाहीत म्हणून तिला नकार मिळाला. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. परदेशी रहिवासीही कर भरतो, सैन्यात भरती होऊ शकतो. त्याला वेगळे काढण्याचा अधिकार राज्याला नाही. पण पाचच वर्षांनी, १९७६ मध्ये, मेडिकेअरसंबंधी एका खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, राज्यांना जे मना आहे ते काँग्रेसला मना नाही. कायम वास्तव्याचा परवाना आणि पाच वर्षांचे वास्तव्य अशी अट ती घालू शकते. १९९६ चा कायदा ह्याच फटीतून आला.

त्याची तयारी आधीपासून चालू होती. १९७४ पासून वृद्ध, अंध आणि अपंग गरिबांना संघराज्याकडून रोख वेतन मिळत असे; त्याला संक्षेपाने एस. एस. आय. म्हणतात. ते घेणाऱ्या परदेशी नागरिकांची संख्या १९८२ मध्ये सुमारे १ लाख २८ हजार होती, ती १९९५ मध्ये ७ लाख ८५ हजारांवर गेली. सुस्थितीतली मुले आईवडिलांना आणतात आणि काही वर्षांत सरकारच्या गळ्यात बांधतात, असा आरोप होऊ लागला. तो सर्वस्वी खोटा नव्हता, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मूळ हमीपत्र न्यायालयात टिकत नसे, त्यामुळे त्यावर सही करणाऱ्याला फारशी धास्ती नसे. परंतु त्या संख्येत सर्वस्व गमावून आलेले निर्वासित म्हातारेही होते, आणि आयुष्यभर शेतात राबून पाठ मोडलेले मजूरही.

कॅलिफोर्नियात १९९४ च्या नोव्हेंबरात १८७ क्रमांकाचा प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतांनी संमत झाला. बिनपरवाना राहणाऱ्यांना सरकारी आरोग्यसेवा (तातडीची सोडून) आणि शाळा नाकारणारा, आणि संशयितांची वर्दी देण्यास डॉक्टर-शिक्षकांना भाग पाडणारा हा प्रस्ताव. लॉस एंजेलिसचे कार्डिनल रॉजर महोनी आणि त्या राज्यातील बिशपांनी त्याला उघड विरोध केला होता. बहुमत त्यांच्या बाजूने नव्हते. न्यायालयांनी तो अंमलात येऊ दिला नाही, पण त्याची हवा वॉशिंग्टनला पोचली.

२२ ऑगस्ट १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन ह्यांनी सही केलेल्या कायद्याने गरिबांच्या मदतीची सारी रचनाच बदलली. त्यातून जी बचत होणार होती तिच्यापैकी जवळजवळ निम्मी परदेशी नागरिकांना वगळण्यातून यावयाची होती. त्या तारखेनंतर कायदेशीरपणे येणाऱ्यालाही पहिली पाच वर्षे मेडिकेड नाही, रोख मदत नाही. न्यूयॉर्कने १८४७ साली ज्या पाच वर्षांत हात दिला होता, त्याच पाच वर्षांत आता हात आखडला गेला. निर्वासितांना ह्या कुंपणातून सूट मिळाली, सैनिकांनाही. एस. एस. आय. आणि अन्नाची कुपने तर आधीपासून तेथे असलेल्या बहुतेक परदेशी नागरिकांनाही बंद होणार होती.

पाच वर्षे सरली तरी एस. एस. आय. चे दार आपोआप उघडत नाही. कामाची चाळीस चतुर्थके, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी, खात्यावर दिसावी लागते. ही चतुर्थके मोजण्याची रीत आम्हांला ह्या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. नवऱ्याच्या कामाची चतुर्थके बायकोला मिळतात, बायकोची नवऱ्याला. अज्ञान मुलाला आईवडिलांची मिळतात. पण मुलाने वीस वर्षे घाम गाळला, कर भरला, तरी त्याचे एकही चतुर्थक त्याच्या आईच्या खात्यात जात नाही. पासष्टीत गेलेल्या आईने स्वतः दहा वर्षे नोकरी करावी कशी? तिच्यापुढे नागरिकत्व हाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी परक्या भाषेत परीक्षा. उलट बाजूने, त्याच वर्षाच्या स्थलांतर-कायद्याने मुलाचे हमीपत्र न्यायालयात वसूल करता येईल असा पक्का करार केले. आई नागरिक होईपर्यंत, किंवा तिची चाळीस चतुर्थके भरेपर्यंत, किंवा ती देश सोडेपर्यंत वा देह ठेवीपर्यंत तो मुलावर बंधनकारक. म्हणजे मुलाचे कर्तव्य कायद्याने ओळखले. मुलाचे श्रम आईपुरते ओळखले नाहीत.

१९९७ च्या आरंभी वेतन बंद होण्याच्या सूचना देणारी पत्रे लाखो वृद्ध आणि अपंगांच्या हाती पडली. नागरिकत्वाच्या कचेऱ्यांपुढे आधीच रांगा लागल्या होत्या. १९९६ ह्या एका वर्षात दहा लाखांहून अधिक माणसे नागरिक झाली. त्या रांगांमागे सगळे देशप्रेमच होते असे कोणी म्हणणार नाही. कॅथलिक सेवासंस्थांनी कायद्याला विरोध केलाच होता. आता धर्मग्रामांच्या सभागृहांत अर्ज भरून देण्याचे काम सुरू झाले. लोकक्षोभ इतका झाला की त्याच वर्षी ५ ऑगस्टला काँग्रेसने पाऊल मागे घेतले. २२ ऑगस्ट १९९६ रोजी ज्यांना एस. एस. आय. मिळत होते त्यांचे चालू राहिले, आणि त्या दिवशी कायदेशीर रहिवासी असलेला कोणी पुढे अपंग झाला तर त्यालाही ते मिळू शकेल असे ठरले. १९९८ साली काही वृद्ध, अपंग आणि मुले ह्यांना अन्नाची कुपने परत मिळाली. त्यांत व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेले लाओसमधील ह्मॉंग लोकही होते. नव्याने येणाऱ्यांसाठी कुंपण तसेच राहिले.

ह्या कुंपणाने घरे आतून विभागली. तातडीच्या उपचारांचा आणि प्रसूतीचा खर्च १९८६ पासून मेडिकेड देत आले आहे, रुग्ण कोणत्याही परवान्याचा असो. म्हणून बिनपरवाना वा नुकतीच आलेली आई इस्पितळात बाळंत होते, बाळ नागरिक म्हणून योजनेत दाखल होते, आणि घरी आल्यावर आईला मधुमेहाचे औषध मात्र पदरचे पैसे मोडून घ्यावे लागते. परदेशात जन्मलेला मोठा भाऊ पाच वर्षे थांबतो; धाकट्या बहिणीला पहिल्या दिवसापासून डॉक्टर. २००९ साली राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या सहीने मुलांपुरती आणि गर्भवतींपुरती ही प्रतीक्षा रद्द करण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि पुष्कळ राज्यांनी ती घेतली. २०१० च्या आरोग्यकायद्याने विमा-बाजारातील सवलती कायदेशीर रहिवाशांना खुल्या केल्या.

तरीही हक्क असलेली मुले योजनेबाहेर राहत आली आहेत, आणि त्याचे कारण ते जुने दोन शब्द. मुलाला मेडिकेड घेतले तर आपण 'बोजा' ठरू आणि ग्रीन कार्ड हुकेल, ही भीती. १९९९ मध्ये सरकारने स्पष्ट केले की रोख मदत आणि दीर्घकाळचा संस्थेतील सांभाळ एवढेच मोजले जाईल, औषधोपचार नाहीत. २०१९ च्या नियमाने मेडिकेड, अन्नमदत आणि घरभाड्याची मदतही मोजणीत आणली. तो फेब्रुवारी २०२० मध्ये अंमलात आला, मार्च २०२१ मध्ये संपला, आणि डिसेंबर २०२२ पासून १९९९ सारखाच नवा नियम लागू झाला. नियम वर्षभर टिकला. भीती टिकून राहिली. ज्यांना तो लागूच नव्हता अशा निर्वासितांनी आणि नागरिक मुलांच्या आयांनीही योजनांतून नावे काढून घेतली. महासाथीचे दिवस होते ते.

१८७ व्या प्रस्तावाच्या कॅलिफोर्नियाने मधल्या काळात पूर्ण वळसा घेतला. २०१६ मध्ये परवाना न पाहता सर्व गरीब मुलांना, २०२० मध्ये तरुणांना, २०२२ मध्ये पन्नाशीपुढच्यांना आणि जानेवारी २०२४ पासून सर्व वयांच्या गरिबांना त्या राज्याने आपल्या खर्चाने आरोग्ययोजनेत घेतले. मग तिजोरीत तूट आली. २०२५ च्या अंदाजपत्रकाने ठरवले की जानेवारी २०२६ पासून बिनपरवाना प्रौढांची नवी नावनोंदणी बंद. जे आत आहेत ते आत. त्याच २०२५ च्या ४ जुलैला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प ह्यांनी सही केलेल्या कायद्याने संघराज्याच्या मेडिकेडमध्ये परदेशी नागरिकांचे मोजकेच वर्ग ठेवले: ग्रीन कार्डधारक, क्यूबा आणि हैती येथून आलेले काही, आणि पॅसिफिकमधील करारबद्ध बेटांचे रहिवासी. १९९६ च्या कठोर कायद्यानेही ज्यांना पाच वर्षांच्या कुंपणातून सूट दिली होती ते निर्वासित आणि आश्रयार्थी, ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत, त्या यादीत नाहीत. तरतुदीची तारीख कायद्यात १ ऑक्टोबर २०२६ अशी लिहिलेली आहे.